स्पोर्ट्स कार्डांचा संग्रह: मुंबईच्या हवेत जपायचा कसा आणि विमा नेमका कुठला घ्यायचा?

पार्ल्याचा_ओपनर

नमस्कार मंडळी. नाणी आणि तिकिटांवर इथे बरेच धागे आहेत, कार्डांवर एकही सापडला नाही, म्हणून नवीन काढतोय.

संग्रहात काय आहे ते आधी सांगतो, कारण सल्ला त्यावरच ठरेल. आजोबांकडून आलेली जॉन प्लेयरची सिगारेट कार्डं (सिगारेटच्या पाकिटात मिळायची ती चित्रं) आहेत, १९३४ आणि १९३८ चे क्रिकेटपटूंचे संच. १९३८ च्या संचात ब्रॅडमन आहे. मग ९० च्या दशकात मामाने ऑस्ट्रेलियाहून आणलेली फ्युटेरा कंपनीची कार्डं, त्यात सचिनची बरीच. आणि गेल्या काही वर्षांत मी स्वतः घेतलेली, पीएसएच्या स्लॅबमधली ग्रेडेड कार्डं. (पीएसए ही अमेरिकन कंपनी कार्ड तपासून त्याला दर्जाचा आकडा, म्हणजे ग्रेड देते आणि कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये घालते.) त्यातलं सगळ्यात महाग म्हणजे १९८६-८७ च्या फ्लीअर कंपनीच्या बास्केटबॉल संचातलं मायकेल जॉर्डन. एकूण किंमत नऊ-दहा लाखांच्या घरात जाते, आणि त्यातला निम्मा भाग एकट्या जॉर्डनचा.

आमचा एजंट म्हणतो, "घराची पॉलिसी घ्या, सामानात सगळं आलं." माझा त्यावर विश्वास बसत नाही. फर्निचर आणि फ्रिजच्या रांगेत ब्रॅडमन कसा बसेल? शिवाय आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची पश्चिमेकडची भिंत जूनपासून ओल धरते. तेव्हा विमा आधी की साठवण आधी, आणि विम्यात नक्की काय लिहून घ्यायचं, हे कुणी अनुभवी सांगेल का? हा संग्रह मला पुढच्या पिढीकडे धडधाकट पोचवायचा आहे.

गिरगावचा_गोट्या

सिगारेट कार्डं! अहो, फोटो टाका की.

आमचं बालपण बिग फन बबलगमच्या फोटोंवर गेलं. मागे धावा आणि विकेट छापलेल्या असायच्या, त्या जमवायच्या आणि छोटं पुस्तक मिळवायचं. चाळीत त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. विमा कंपनीला आता धावा मोजून द्यायच्या का विकेट?

मिड_विकेट_मीनल

गोट्या, ती पुस्तकं अंगठ्याने भरभर उलटली की बॅट्समन शॉट मारताना दिसायचा. माझ्या भावाने दुकानदाराकडे अख्खा डबा मागितला होता.

फोटोंसाठी माझंही +१.

पॉलिसीवाली

सर्वसाधारण विम्यात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे सविस्तर लिहिते. तुमची शंका रास्त आहे.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी देणं बंधनकारक झालं. कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी मूळ मजकूर तोच. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतलात तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामान्य सामान यादी न देताच धरलं जातं. तुमचा एजंट बोलतोय ते याबद्दल. पण हे "सामान्य" सामान. म्हणजे कपाटं, टीव्ही, भांडी. किमती वस्तू त्यात येत नाहीत.

त्यांच्यासाठी त्याच पॉलिसीत वेगळं ऐच्छिक संरक्षण आहे: किमती वस्तूंचा ठरलेल्या मूल्याने विमा. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, कलावस्तू, पुरातन आणि दुर्मीळ वस्तू अशा प्रकारच्या चीजा त्यात येतात. कार्डांचा शब्दशः उल्लेख नाही, म्हणून दुर्मीळ वस्तू या सदरात ती धरली आहेत असं कंपनीकडून लेखी घ्या आणि शेड्यूलमध्ये (पॉलिसीसोबतच्या तपशिलाच्या पानावर) यादीसकट छापून घ्या. तोंडी "हो हो, येतं सगळं" याला दाव्याच्या वेळी शून्य किंमत असते.

"ठरलेलं मूल्य" म्हणजे पॉलिसी घेतानाच तुम्ही आणि कंपनी दोघांनी आकडा मान्य करायचा. वस्तू पूर्ण गेली तर तोच आकडा मिळतो, नंतर बाजारभावावरून वाद होत नाही. कार्डांसारख्या वर-खाली होणाऱ्या वस्तूसाठी हाच मार्ग योग्य.

त्यासाठी मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागतं. एकूण विमा रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर ते माफ आहे. तुमचा जॉर्डन त्यात बसत नाही, त्याला प्रमाणपत्र लागणार.

आणि चोरी! मूळ पॉलिसीत फक्त विमा असलेल्या आपत्तीमुळे, त्यानंतर सात दिवसांत झालेली चोरी धरतात. आग लागली, धावपळीत कुणी कपाट साफ केलं, तर मिळेल. एरवी कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. लोकांना हे पोलीस चौकीतून परत आल्यावर कळतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पार्ल्याचा_ओपनर

ताई, मनापासून आभार. प्रमाणपत्र देणार कोण पण? दागिन्यांना सराफ असतो. जॉर्डनला कोण?

सिली_पॉइंट

एवढं सगळं करण्यापेक्षा बँकेचा लॉकर घ्या आणि शांत झोपा. भाडं वर्षाला काही हजार. विषय संपला.

पॉलिसीवाली

सिली पॉइंट, विषय तिथे संपत नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं चार हजार असेल तर कमाल चार लाख. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत बँक जबाबदार नाही, अट एवढीच की तिचा स्वतःचा निष्काळजीपणा नको. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसतं, त्यामुळे "माझा ब्रॅडमन होता" हे सिद्ध करायची जबाबदारीही तुमचीच.

लॉकरमधल्या वस्तूंचा विमा वेगळा मिळतो, तो घेतलात तर लॉकर उत्तम.

कागदवेडी

मी कागदाच्या जतनाचं काम करते. जुने नकाशे, हस्तलिखितं, छायाचित्रं. लॉकरबद्दल मला दुसरीच काळजी आहे. मुंबईत किती शाखांचे लॉकर तळघरात किंवा तळमजल्याच्या मागच्या खोलीत आहेत ते आठवून बघा. तिथे ना हवा खेळते, ना आतली आर्द्रता कुणी मोजतं. सोन्याला त्याने काही होत नाही. कागदाला होतं.

कार्ड म्हणजे दाबलेल्या कागदाचे थर, वर शाई आणि लेप. पावसाळ्यात इथली सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. कागदाला हवी ४५-५० च्या आसपास, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्थिर. कागद ओलावा पितो, फुगतो. हिवाळ्यात सोडतो, आकसतो. चकचकीत फॉइलच्या कार्डात तर एक बाजू ओलावा घेते आणि दुसरी घेत नाही, म्हणून ते धनुष्यासारखं वाकतं. ६५-७० च्या वर बराच काळ राहिलं की बुरशी आलीच.

आता स्लॅबबद्दल. लोकांना वाटतं सीलबंद आहे म्हणजे आत काही जात नाही. स्लॅब हवाबंदही नसतो आणि जलरोधकही नसतो. तो कार्डाला वाकण्यापासून, बोटांपासून आणि अदलाबदलीपासून वाचवतो. ओल आत जाते, हळू जाते एवढंच.

पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आजच हलवा. बाहेरच्या कुठल्याच भिंतीला टेकून ठेवू नका, आतल्या दोन खोल्यांमधली भिंत निवडा. माळ्यावर नको, तिथे उष्णता साठते आणि वर बाथरूम असेल तर धोका दुप्पट. जमिनीलगतच्या खणातही नको.

खडूस_खेळपट्टी

डांबराच्या गोळ्या टाकायच्या दोन-चार. आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या चालतंय.

कागदवेडी

कृपया नको! त्या गोळ्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते, कार्डाच्या वेष्टनावर जाऊन बसते, आणि बुरशीवर तिचा उपयोग होत नाही. कसर आणि झुरळ दूर ठेवायची असतील तर ओल कमी करा, कपाटात खाऊचा कण राहू देऊ नका आणि पुठ्ठ्याची खोकी काढून टाका. कसरीला पुठ्ठा आणि खळ दोन्ही आवडतं. वाळवीसाठी लाकडी कपाटाऐवजी लोखंडी बरं.

बोराबाजार_बॉय

फोटोग्राफर आहे, माझ्याकडून यावर सोपं उत्तर: ड्राय कॅबिनेट. आम्ही लेन्स त्यात ठेवतो, नाहीतर काचेत बुरशीची जाळी धरते. विजेवर चालतं, आतली आर्द्रता तुम्ही लावाल त्या आकड्यावर धरून ठेवतं, वीज अगदी कमी खातं. फोर्टात बोराबाजाराच्या आसपास कॅमेऱ्याच्या दुकानांत बघायला मिळेल. काचेचं दार, कुलूप, रबराची पट्टी. लहान कॅबिनेटमध्येही शेकडो कार्डं मावतात.

लेन्ससाठी आम्ही ४०-४५ वर ठेवतो. कागदवेडी, कार्डांना तेच चालेल ना?

कागदवेडी

४५ ते ५० ठेवा. ३० च्या खाली अजिबात नेऊ नका, फार कोरडं झालं तर कार्ड उलट्या बाजूला वाकतं. कॅबिनेटच्या आकड्यावर भरवसा न ठेवता आत एक वेगळा आर्द्रतामापक ठेवा, काही शे रुपयांत मिळतो.

कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या, नारिंगी दाणे ओलावा भरला की हिरवे होतात. मग ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा वापरता येतात. जुलैत हे वारंवार करावं लागतं, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक जण नेमके जुलैतच विसरतात.

आणखी एक. रात्री एसी, दिवसा बंद, अशा खोलीत कार्डं उघडी ठेवू नका. थंड झालेल्या कार्डावर दमट हवा आली की पृष्ठभागावर दव धरतं. थंड खोलीतून बाहेर नेताना डबा बंदच ठेवा आणि तासभर तसाच राहू द्या.

मिड_विकेट_मीनल

आणि वेष्टनं? माझ्याकडे मुलाची फुटबॉलची कार्डं आहेत, सगळी फोटो अल्बममध्ये. त्याची पानं आता चिकट झाली आहेत.

कागदवेडी

मीनलताई, चिकट होणारी पानं बहुधा पीव्हीसीची. त्यातला प्लास्टिक मऊ ठेवणारा घटक बाहेर झिरपतो आणि छपाई ओढून घेतो. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरची वेष्टनं घ्या. आधी मऊ पातळ स्लीव्ह, मग कडक टॉपलोडर (वरून उघडं, जाड प्लास्टिकचं वेष्टन). उलट क्रम केलात, म्हणजे नुसतं कार्ड टॉपलोडरमध्ये सरकवलंत, तर कोपरे घासतात आणि ग्रेडिंगमध्ये कोपरेच आधी बघतात. रबर बँड, सेलोटेप, स्टेपल यातलं काही नको. सह्या असलेली कार्डं उजेडापासून लांब, शाई उडते.

मुलाची कार्डं पानातून ओढून काढू नका. पान कापा, अलगद उघडा.

माहीमचा_मामा

आमच्या काळात जपायचं म्हणजे लॅमिनेशन. शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन रुपयांत. कपिलदेवचा फोटो अजूनही कडक आहे.

बोराबाजार_बॉय

मामा, तो फोटो आता शंभर टक्के सुरक्षित आहे. विकत कुणी घेणार नाही आणि चोरसुद्धा नेणार नाही :)

माहीमचा_मामा

विकायचाय कुणाला! १९८३ च्या जूनमध्ये आख्खी वाडी एका टीव्हीसमोर होती. तो फोटो माझ्या नातवाचा आहे आता.

पंचनामा

विमा सर्व्हेअर म्हणून काम करतो, दाव्याच्या बाजूने बोलतो. पॉलिसीवाली यांनी पॉलिसी घेण्याचं सांगितलं, मी ती वापरायची वेळ येते तेव्हाचं सांगतो.

आम्ही घरात शिरतो तेव्हा आमच्यासमोर ओला लगदा किंवा रिकामा खण असतो. त्यात काय होतं हे आम्हाला कागदावरून ठरवायचं असतं. म्हणून आजच, सगळं ठीक असताना, प्रत्येक महागड्या कार्डाची पुढची-मागची बाजू स्कॅन करा. स्लॅब असेल तर लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे. हा क्रमांक पीएसएच्या वेबसाइटवर तपासता येतो, त्यामुळे "हे कार्ड अस्तित्वात होतं आणि या दर्जाचं होतं" यावर आमच्याशी वाद उरत नाही. खरेदीची पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, कस्टम्स भरलं असेल तर त्याचा कागद, सगळं एकत्र. त्याची एक प्रत घराबाहेर, ईमेलमध्ये किंवा बहिणीकडे. घरात आग लागली आणि फाइल त्याच कपाटात होती, हे मी पाहिलंय.

स्लॅब नसलेल्या सिगारेट कार्डांचे फोटो तिरप्या उजेडात घ्या, म्हणजे पृष्ठभागाची स्थिती दिसते. संचातलं प्रत्येक कार्ड वेगळं नोंदवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये जोडी आणि संचाबद्दल कलम असतं: ५० च्या संचातलं एक गेलं तर त्या एकाचेच पैसे, संच अपुरा झाला म्हणून घसरलेली किंमत मिळत नाही. प्लेयरच्या १९३८ च्या संचातून नेमका ब्रॅडमन गेला तर उरलेल्या ४९ चं काय, हा प्रश्न पॉलिसी घेतानाच विचारा.

सगळ्यात जास्त वाद कशावर होतो? पाण्यावर. वरच्या मजल्यावरची पाइपलाइन रात्री फुटली, टाकी भरून वाहिली, पुराचं पाणी शिरलं, ते "भारत गृह रक्षा"त आहे. पण वरच्यांच्या बाथरूममधून चार महिने झिरपणारी ओल, भिंतीतून येणारा दमटपणा, बुरशी, कसर, उंदीर, रंग उडणं, ही हळूहळू होणारी झीज. तिचे पैसे मिळत नाहीत. ओपनर साहेब, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीचं नुकसान कुठलीही पॉलिसी भरून देणार नाही. तेव्हा साठवण आधी.

कुर्ल्याची_सई

पंचनामा, पुराबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. २६ जुलै २००५ ला आम्ही तळमजल्यावर होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडे पाणी छातीपर्यंत आलं. बाबांचे अल्बम, पत्रं, सगळं खालच्या खणांत होतं. शेजारच्या काकूंनी वरच्या मजल्यावर दोरीला चिमट्याने पत्रं लावली होती, त्यातली काही अजून आहेत.

असं काही झालं तर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं असतं?

कागदवेडी

सईताई, काकूंनी जे केलं त्यामुळेच ती पत्रं वाचली.

भिजल्यावर आपल्या हवेत एक-दोन दिवसांत बुरशी धरते. सगळ्यात आधी फोटो काढा, दाव्यासाठी. मग चिखल असेल तर स्वच्छ गार पाण्याने अलगद. एकमेकांना चिकटलेली कार्डं ओढून सोडवू नका. सुटी असतील ती टिपकागदावर पसरून पंख्याच्या मंद वाऱ्यात वाळवा. इस्त्री नको, हेअर ड्रायर नको, ऊन नको. एकदम खूप भिजली असतील आणि हात कमी असतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठली की बुरशी थांबते आणि मग सवडीने, जाणकाराकडून थोडी थोडी काढून वाळवून घेता येतात.

स्लॅबमध्ये पाणी गेलं असेल तर तो लगेच फोडू नका. आधी फोटो, मग सर्व्हेअरशी बोलणं, पण त्याच दिवशी.

पंचनामा

अगदी बरोबर. आणि भिजलेलं कार्ड फेकू नका! पूर्ण भरपाई मिळाली की उरलेल्या वस्तूवर कंपनीचा हक्क असतो, किंवा तिची किंमत भरपाईतून वजा होते. ते कार्ड तुम्हाला स्वतःकडे ठेवायचं असेल तर तसं सुरुवातीलाच सांगा, तडजोड होते.

चोरी झाली तर एफआयआर, आणि तपास लागला नाही तर पोलिसांचा तसा अहवाल. घरफोडीच्या संरक्षणात बहुतेक वेळा जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात. "कपाटात होतं, आता दिसत नाही" याला पैसे मिळत नाहीत. नक्की कुठल्या घटनेत गेलं हे दाखवता आलं पाहिजे.

सिली_पॉइंट

एक प्रामाणिक मत मांडतो. नऊ-दहा लाखांपैकी निम्मं एका कार्डात असेल तर त्या एकाचाच विमा घ्या, बाकीच्यांवर हप्ता घालवू नका. फ्युटेराच्या सुट्या कार्डांची किंमत भावनिक जास्त आहे. ती गेली तर पैशांनी परत येणार नाहीत. हप्त्याचे पैसे ड्राय कॅबिनेट, चांगलं कुलूप आणि धुराचा अलार्म यात घाला.

पॉलिसीवाली

या वेळी मी बऱ्याच अंशी सहमत. फक्त सिगारेट कार्डांचे दोन संचही यादीत घ्या. त्यांना बाजार आहे, विल्स या सिगारेट कंपनीच्या १८९६ च्या ५० कार्डांच्या संचापासून त्या प्रकाराला संग्राहक आहेत. उरलेली सुटी कार्डं एक गठ्ठा म्हणून, माफक रकमेत.

तुमचा मूल्यांकनाचा प्रश्न राहून गेला होता. कार्डांसाठी सराफासारखा ठरलेला माणूस आपल्याकडे नाही. मुंबईत नाणी, तिकिटं आणि जुन्या कागदी वस्तूंचे लिलाव करणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याकडे लेखी मूल्यांकन मागा. सोबत त्याच कार्डाच्या, त्याच ग्रेडच्या अलीकडच्या प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदी जोडा. विक्रेता मागतोय ती किंमत नव्हे, प्रत्यक्ष विकलं गेलं ती. कुणाचं प्रमाणपत्र चालेल हे कंपनीला आधी ईमेलवर विचारून घ्या, मगच त्या माणसाला पैसे द्या.

खडूस_खेळपट्टी

एका कागदाच्या तुकड्याला पाच लाख. कमाल आहे जगाची.

गिरगावचा_गोट्या

खेळपट्टी काका, ऑगस्ट २०२२ मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड १.२६ कोटी डॉलरला गेलंय. ओपनरचा जॉर्डन स्वस्तातच पडला म्हणा.

लोकल_लेफ्टी

ग्रेडिंगला पाठवताना काय, हे कुणी बोललंच नाही. माझी काही कार्डं ओळखीतल्या एका माणसामार्फत बाकीच्यांच्या कार्डांसोबत एकत्र अमेरिकेला गेली आहेत. घरच्या पॉलिसीत ती येतात का?

पॉलिसीवाली

नाही. घरची पॉलिसी शेड्यूलमधल्या पत्त्यापुरती. प्रवासाचा विमा वेगळा. आंतरराष्ट्रीय कुरियरच्या अटी नीट वाचा, संग्रहाच्या वस्तूंवर मर्यादा असते किंवा त्या वगळलेल्याच असतात. देशात स्पीड पोस्टने पाठवत असाल तर हरवल्यास भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, जे कमी असेल ते. मधल्या माणसाकडे तुमच्या कार्डांची सहीची, फोटोसकट पोच हवी. आणि कार्ड परत येताना ती तुमचीच वस्तू परत येतेय हे कस्टम्सला दाखवायला पाठवतानाचे कागद लागतात, ते जपा.

लोकल_लेफ्टी

पोच घेतली नव्हती. आजच मागतो. धन्यवाद.

कुर्ल्याची_सई

आणखी एक विचारते. आगीसाठी फायरप्रूफ तिजोरी?

कागदवेडी

घेतलीत तरी त्यात कार्डं नुसती ठेवू नका. अशा तिजोरीच्या भिंतींत भरलेल्या मिश्रणात पाणी धरलेलं असतं, आगीत ते वाफ होऊन आतलं तापमान रोखतं. पण एरवीही आतली हवा दमट राहते. आत घट्ट डबा, डब्यात सिलिका जेल, असं दुहेरी करा. आणि "किती वेळ, कशासाठी" हे लेबल वाचा, नुसत्या चोरीसाठी बनवलेली तिजोरी आगीत उपयोगाची नाही.

पार्ल्याचा_ओपनर

मंडळी, तुम्ही एवढ्या आपुलकीने लिहिलंत, खरंच भारावून गेलो.

कपाट भिंतीपासून हलवलं. हलवताना मागचा प्लायवूड हाताला दमट लागला आणि खालच्या कडेला करडी पूड दिसली. कार्डांच्या डब्यांपर्यंत ती पोचलेली नाही, एकेक स्लीव्ह भिंगाखाली बघून खात्री केली. ड्राय कॅबिनेट घेतोय. स्कॅनिंग सुरू केलंय. ब्रॅडमनच्या कार्डाच्या मागचा मजकूर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट वाचला, आणि आजोबांनी कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा घातलाय तो दिसला.

एजंटला कलमांसकट ईमेल केली. त्याचं उत्तर आलं की किमती वस्तूंचं ऐच्छिक संरक्षण मिळेल, पण दुर्मीळ वस्तूंत कार्डं धरायची की नाही हे कंपनीच्या कार्यालयातून विचारून सांगतो. जॉर्डन आणि दोन संच स्वतंत्र यादीत, बाकी गठ्ठा, आणि घरफोडी वेगळी, असं मागितलंय. कंपनी नाही म्हणाली तर काय करायचं? आणि पेन्सिलीचा तो आकडा पुसायचा का? किंमत त्याने कमी होते म्हणतात.

कागदवेडी

पुसू नका. खोडरबराने पृष्ठभागाचा लेप जाईल, ते नुकसान पेन्सिलीपेक्षा मोठं. करडी पूड बुरशी असेल तर प्लायवूडचा तो भाग बदला, नुसतं पुसून भागत नाही. पुसताना मास्क लावा आणि कार्डं दुसऱ्या खोलीत ठेवा.

पॉलिसीवाली

नाही म्हणाली तर लेखी नकार घ्या आणि दुसऱ्या कंपनीकडे जा. मूळ पॉलिसी सगळीकडे तीच असली तरी अशा वस्तू स्वीकारायच्या की नाही हा निर्णय प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. हो म्हणाली तर शेड्यूल हातात येईल तेव्हा प्रत्येक स्लॅबचा क्रमांक अक्षर न्‌ अक्षर जुळवा. एक आकडा चुकला तरी दुरुस्तीचं एंडॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचा लेखी कागद) लगेच मागा. हस्तलिखितं, दस्तऐवज, नाणी वगळणारं कलमही वाचा आणि सिगारेट कार्डांना ते लागू नाही हे ईमेलवर घ्या, जुना छापील कागद म्हणून त्यांना कुणीतरी तिथे ढकलू शकतो.

नूतनीकरणाच्या वेळी मूल्य पुन्हा ठरवायचं, तेव्हा विक्रीच्या नवीन नोंदी तयार ठेवा. आणि दावा फेटाळला गेला आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडूनही काही झालं नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे, पार्ल्याहून एकच स्टेशन. फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

माहीमचा_मामा

ओपनर, आजोबांचा तो आकडा काय आहे हो? आम्ही तर कार्ड कुणाकडून किती गोट्यांना घेतलं ते लिहायचो.

पार्ल्याचा_ओपनर

मामा, "३८" लिहिलंय. संचातला क्रमांक असेल, नाहीतर वर्ष असावं. बाकीची कार्डं स्कॅन करतोय, आणखी कुठे लिहिलेलं सापडलं तर इथेच टाकतो.